मृगातील तेजोमेघ आणि त्याला उजळणारे तरुण तारे

मृग नक्षत्र म्हटले की महाराष्ट्रातील माणसाला प्रथम पाऊस आठवतो. जून महिन्याच्या ७ किंवा ८ तारखेला सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो आणि आपल्या भिवंडी तालुक्यातील शेतकरी, राब भाजून तयार ठेवलेल्या जमिनीत भाताचे बी टाकण्यासाठी आभाळाकडे डोळे लावून बसतो. गंमत अशी की ज्या दिवसांत मृगाचे नाव सर्वांच्या तोंडी असते, नेमक्या त्याच दिवसांत ते नक्षत्र आपल्याला दिसत नाही. ते सूर्याबरोबर उगवते आणि सूर्याबरोबरच मावळते. मृग डोळ्यांनी पाहायचा असेल तर हिवाळाच यावा लागतो.

डिसेंबरच्या मध्यास रात्र पडताच हे नक्षत्र पूर्वेला वर येते, आणि फेब्रुवारीच्या आरंभी रात्री नऊच्या सुमारास आपल्या डोक्यावरून थोडे दक्षिणेकडे झुकलेले असते. चार कोपऱ्यांवरचे चार ठळक तारे म्हणजे हरणाचे चार पाय; त्यांपैकी तांबूस दिसणारा तो काक्षी आणि निळसर पांढरा तो राजन्य. मधोमध एका ओळीत असलेले तीन तारे म्हणजे व्याधाने मारलेला बाण. ही ओळख बहुतेकांना लहानपणीच आजी-आजोबांकडून झालेली असते. परंतु त्या बाणाच्या दक्षिणेला मंद ताऱ्यांची आणखी एक लहानशी ओळ आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. त्या ओळीतील मधला ‘तारा’ नीट पाहिला तर ताऱ्यासारखा टोकदार दिसत नाही. तो पुसट, धुरकट दिसतो. साधी द्विनेत्री लावली तर तेथे कापसाच्या पेळूसारखा प्रकाशाचा डाग स्पष्ट दिसतो. हाच मृगातील सुप्रसिद्ध तेजोमेघ होय.

हा तेजोमेघ आपल्यापासून सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे आज रात्री जो प्रकाश आपल्या डोळ्यांत शिरेल, तो तेथून निघाला तेव्हा आपल्या प्रदेशावर बदामीच्या चालुक्यांचे राज्य होते. त्याचा विस्तार वीसहून अधिक प्रकाशवर्षांचा आहे. एवढा प्रचंड मेघ प्रकाशतो कशाने, आणि त्याला हा आकार कोणी दिला, हे दोन प्रश्न या लेखाचा विषय आहेत. त्यांपैकी पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात पुणे शहराचाही एक वाटा आहे, आणि तो आज फारसा कोणाला ठाऊक नाही.

एका हिरव्या रेषेचे कोडे

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत असे धुरकट डाग म्हणजे अतिदूरच्या असंख्य ताऱ्यांची दाटी असावी, असे अनेकांचे मत होते. दुर्बीण जसजशी मोठी होईल तसतसे सर्वच डाग ताऱ्यांमध्ये सुटे होतील, अशी त्यांची अपेक्षा होती. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स या इंग्रज खगोलज्ञाने अशाच एका तेजोमेघाचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला. सूर्याचा किंवा ताऱ्याचा प्रकाश अशा उपकरणातून तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतच्या अखंड पट्ट्यात पसरतो. येथे मात्र पट्टा नव्हताच. केवळ मोजक्या तेजस्वी रेषा होत्या. विरळ, तप्त वायूची हीच खूण असते. मृगातील तेजोमेघानेही हीच साक्ष दिली. तो ताऱ्यांचा ढीग नसून वायूचा मेघ आहे, हे निश्चित झाले.

त्या रेषांतील सर्वांत ठळक रेषा हिरवी होती, आणि ती पृथ्वीवरील कोणत्याही मूलद्रव्याच्या रेषेशी जुळत नव्हती. नॉर्मन लॉकियर या विख्यात शास्त्रज्ञाने असे प्रतिपादन केले की तेजोमेघ म्हणजे परस्परांवर आदळणाऱ्या अशनींचे थवे होत, आणि ती हिरवी रेषा म्हणजे त्या अशनींतील मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा उरलेला अंश होय. हगिन्स यांना हे मान्य नव्हते. वाद मोठा होता आणि त्याची कसोटी अगदी बारीक होती. मॅग्नेशियमचा पट्टा एका बाजूने रेखीव व दुसऱ्या बाजूने पुसट होत जाणारा असतो. तेव्हा तेजोमेघातील रेषा दोन्ही बाजूंनी रेखीव आहे की एका बाजूने पसरट, एवढेच पाहायचे होते.

पुण्यातील निरीक्षण

या काळात पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या पूर्वजसंस्थेत, कावसजी दादाभाई नायगमवाला हे प्राध्यापक होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात असताना, १८८२ मध्ये, त्यांना भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्याकडून ५,००० रुपयांची देणगी मिळाली आणि मुंबई सरकारने तितकीच भर घातली. नायगमवाला यांनी इंग्लंडला जाऊन तेथील तज्ज्ञांचा सल्ला घेतला आणि डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्याकडून वीस इंची आरशाची दुर्बीण बनवून घेतली. १८८८ मध्ये पुण्यात ‘महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा’ उभी राहिली. ही दुर्बीण त्या काळी भारतातील सर्वांत मोठी होती.

नायगमवाला यांनी ती दुर्बीण व वर्णपटदर्शक मृगातील तेजोमेघाकडे वळविला. निरनिराळ्या परिस्थितींत तपासूनही ती हिरवी रेषा त्यांना रेखीवच आढळली. ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा अवशेष असू शकत नाही, हा त्यांचा निष्कर्ष १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्यांच्या नावाचा युरोपात दबदबा होता अशा शास्त्रज्ञाच्या मताविरुद्ध पुण्यातील एका प्राध्यापकाने आपल्या डोळ्यांनी पाहिलेला पुरावा शांतपणे मांडला, ही गोष्ट साधी नव्हे. योगायोग असा की पुढे दोनच वर्षांनी, १८९३ मध्ये, याच पुण्यातील लोकमान्य टिळकांचा ‘ओरायन’ हा ग्रंथ प्रकाशित झाला. एकाच शहरात, एकाच नक्षत्राकडे पाहत एक विद्वान वेदांचा काळ शोधीत होता आणि दुसरा प्रकाशाचा उगम.

त्या रेषेचे कोडे सुटायला मात्र १९२७ साल उजाडावे लागले. अमेरिकेतील आयरा बोवेन यांनी दाखवून दिले की ती रेषा एखाद्या अज्ञात मूलद्रव्याची नसून आपण श्वासावाटे घेतो त्याच ऑक्सिजनची आहे. परंतु दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची. हिरवा प्रकाश सोडण्यासाठी अशा अणूला सरासरी अर्धा-पाऊण मिनिट निवांतपणा लागतो. पृथ्वीवरील हवेत तो मिळणे अशक्य, कारण एका सेकंदात त्याच्या असंख्य टकरी होतात. तेजोमेघात मात्र एका घनसेंटिमीटरमध्ये काही हजार अणू असतात. आपल्या भोवतीच्या हवेत तेवढ्याच जागेत दोन लाख कोटी कोटींहून अधिक, म्हणजे दोनावर एकोणीस शून्ये इतके रेणू असतात. यावरून तो ‘मेघ’ किती विरळ आहे याची कल्पना यावी.

दिवा कोण लावतो?

ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन कोण काढून घेतो, या प्रश्नाचे उत्तर तेजोमेघाच्या गाभ्यात आहे. लहान दुर्बिणीतूनही तेथे समलंब चौकोनात मांडलेले चार तारे दिसतात. त्यांच्या भोवती दोन हजारांहून अधिक ताऱ्यांचा गुच्छ आहे, आणि या सर्वांचे वय दहा-वीस लाख वर्षांच्या आसपास आहे. आपला सूर्य ४६० कोटी वर्षांचा आहे. त्याच्या तुलनेत ही पाळण्यातील बाळे म्हणावी लागतील.

परंतु या हजारो ताऱ्यांतील बहुतेक सर्व तेजोमेघाच्या प्रकाशात फारसा हातभार लावीत नाहीत. मुख्य भार वाहतो तो चौकोनातील सर्वांत तेजस्वी तारा. तारकासूचीत त्याला ‘थीटा-१ ओरायनिस सी’ असे नाव आहे. त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ३३ पट आणि पृष्ठभागाचे तापमान ३९,००० अंशांच्या घरात आहे. सूर्याचे तापमान साधारण ५,५०० अंश सेल्सिअस. इतक्या तप्त ताऱ्याचा बराचसा प्रकाश आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील किरणांच्या रूपाने बाहेर पडतो. हे किरण हायड्रोजनच्या अणूवर आदळले की त्याचा एकुलता एक इलेक्ट्रॉन सुटा होतो. तो सुटा इलेक्ट्रॉन केव्हातरी दुसऱ्या एखाद्या प्रोटॉनला भेटतो, पुन्हा बांधला जातो आणि पायरी-पायरीने खाली उतरताना प्रकाश सोडतो. त्यातील एका विशिष्ट पायरीवरून उतरताना तांबडा प्रकाश बाहेर पडतो. छायाचित्रांतील तेजोमेघाची लाली ती हीच. अदृश्य अतिनील प्रकाश मेघात जमा होतो आणि दृश्य प्रकाशाच्या रूपाने खर्ची पडतो.

आयुष्यभर हिशेबाच्या वह्या पाहिलेल्या माणसाला या व्यवहारातील ताळेबंद फार आवडतो. तारा दर सेकंदाला अतिनील प्रकाशाचे ठरावीक कण सोडतो. त्याहून अधिक अणू तो त्या सेकंदात फोडू शकत नाही. दुसरीकडे फुटलेले अणू पुन्हा जुळत असतात. जेथे दोन्ही बाजू समसमान होतात, तेथे प्रकाशित प्रदेशाची सीमा पडते. ही सीमा किती अंतरावर पडेल याचे गणित डेन्मार्कमधील बेंग्ट स्ट्रॉमग्रेन यांनी १९३९ मध्ये मांडले. तेजोमेघाला कड असते ती या हिशेबामुळे. त्या कडेपलीकडेही मेघ आहेच; परंतु तो थंड आणि काळोखा आहे.

सर्वच तेजोमेघ असे स्वतः प्रकाश सोडीत नाहीत. मृगाच्या वायव्येला, रोहिणीच्याही पुढे, कृत्तिकांचा पुंजका आहे. त्याच्या भोवतीही निळसर धुके आहे. अमेरिकेतील व्हेस्टो स्लायफर यांनी १९१२ मध्ये त्याचा वर्णपट घेतला, तेव्हा तो जवळच्या ताऱ्याच्या वर्णपटासारखाच निघाला. म्हणजे तेथे वायू स्वतः प्रकाशत नाही. धूलिकण ताऱ्याचा प्रकाश केवळ परतवितात. कृत्तिकांचे तारे तेजस्वी असले तरी हायड्रोजन फोडून मोठा प्रदेश उजळण्याइतके तप्त नाहीत. आरसा आणि दिवा यांत जो फरक, तोच या दोन तेजोमेघांत आहे.

आकार कोण देतो?

उजेडाबरोबरच आकाराचे कामही हेच तारे करतात. अतिनील किरणांनी तापलेला वायू १०,००० अंशांच्या जवळ पोहोचतो, तर शेजारचा काळोखा मेघ शून्याखाली अडीचशेहून अधिक अंश सेल्सिअस इतका थंड असतो. तापलेला वायू फुगतो आणि थंड मेघाला मागे ढकलतो. मृगातील तारे मेघाच्या मध्यभागी नसून आपल्या बाजूच्या कडेजवळ जन्मले. म्हणून त्यांच्या भोवतीची पोकळी आपल्या बाजूला फुटून उघडी पडली आहे. आपण जणू नारळाच्या करवंटीत डोकावून पाहतो आहोत, आणि करवंटीची आतली बाजू उजळलेली आहे. करवंटीच्या मागे मूळ काळोखा मेघ शिल्लक आहे आणि त्यात अजूनही नवे तारे जन्म घेत आहेत.

याला जोड मिळते ती ताऱ्यांच्या वाऱ्याची. थीटा-१ ओरायनिस सी याच्या पृष्ठभागावरून सेकंदाला दोन हजार किलोमीटरहून अधिक वेगाने कण बाहेर फेकले जातात. आकार घडविण्यात किरणांचा वाटा मोठा की वाऱ्याचा, याविषयी बराच काळ मतभेद होते. कर्बाच्या विद्युतभारित अणूंपासून निघणारा एक अवरक्त प्रकाश या कामी उपयोगी पडतो. परंतु हवेतील बाष्प तो जमिनीपर्यंत पोहोचू देत नाही. म्हणून दुर्बीण उंच न्यावी लागते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने यासाठी १०० सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण बलूनला बांधून हैदराबादहून आकाशात सोडली, आणि पुढे जपानी शास्त्रज्ञांच्या उपकरणासह ताऱ्यांच्या जन्मस्थानांतील याच कर्बप्रकाशाचा मागोवा घेतला. मृगाच्या बाबतीतील निर्णायक नकाशा ‘सोफिया’ या विमानात बसविलेल्या दुर्बिणीने तयार केला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनात आढळले की तेजोमेघाच्या पुढील बाजूस वायूचे एक विशाल कवच सेकंदाला सुमारे १३ किलोमीटर वेगाने बाहेर पसरत आहे, ते गेल्या सुमारे दोन लाख वर्षांत तयार झाले आहे आणि त्याला फुगविणारी शक्ती मुख्यतः त्या एकाच ताऱ्याच्या वाऱ्याची आहे.

या वाऱ्याचा व किरणांचा परिणाम धाकट्या भावंडांवरही होतो. हबल दुर्बिणीने १९९० च्या दशकात या तेजोमेघात अनेक तरुण ताऱ्यांभोवती धूळ व वायूच्या तबकड्या दाखवून दिल्या. अशाच तबकड्यांतून ग्रह तयार होतात. मोठ्या ताऱ्याच्या जवळ असलेल्या तबकड्यांचा वायू त्याच्या किरणांनी उडून जातो आणि धूमकेतूसारखी शेपटी त्या ताऱ्याच्या विरुद्ध दिशेला पसरते. काही तबकड्यांतील द्रव्य ग्रह घडण्यापूर्वीच संपून जाऊ शकते. परंतु हेच किरण केवळ विध्वंसक नाहीत. जेम्स वेब दुर्बिणीला २०२३ मध्ये अशाच एका तबकडीत मिथिल कॅटायन नावाचा कर्बयुक्त रेणू सापडला. कर्बाची अधिक गुंतागुंतीची संयुगे घडण्यास तो साहाय्य करतो, आणि त्याच्या निर्मितीला अतिनील किरणांचीच ऊर्जा कारणीभूत झाली असावी, असे शास्त्रज्ञ मानतात.

अशा रीतीने ज्या मेघाने ताऱ्यांना जन्म दिला, त्याच मेघाला ते उजळतात, कोरतात आणि अखेर पांगवितात. थीटा-१ ओरायनिस सी सारखा तारा आपले इंधन उधळपट्टीने जाळतो. सूर्याचे एकूण आयुष्य सुमारे १,००० कोटी वर्षांचे, तर याचे अवघे काही दशलक्ष वर्षांचे. तो विझेल त्यापूर्वीच किंवा त्याच्या सुमारास आजचा तेजोमेघ विरून गेलेला असेल आणि मागे कृत्तिकांसारखा ताऱ्यांचा मोकळा पुंजका उरेल. आपण पाहतो ती अवस्था अल्पकाळाचीच आहे.

वेधशाळेचे पुढे काय झाले?

नायगमवाला यांनी पुढे २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे निरीक्षणमोहीम नेली. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, आणि त्याबरोबर वेधशाळाही बंद करण्यात आली. दुर्बीण व इतर उपकरणे दक्षिणेतील कोडाईकॅनाल वेधशाळेकडे रवाना झाली. तेथे ती ‘भावनगर दुर्बीण’ या नावाने ओळखली जाऊ लागली. स्लायफर यांनी कृत्तिकांच्या धुक्याचे रहस्य उलगडले ते याच १९१२ सालात. वर्णपटाच्या साहाय्याने तेजोमेघांची नवनवी गुपिते बाहेर येत होती, तेव्हा पुण्यातील वर्णपटदर्शक खोक्यात बंद होत होता.

बँकेत आम्हाला पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकविली जाई. तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडे असतात, आणि बदली असो वा निवृत्ती, कार्यभार दुसऱ्याच्या हाती सोपविल्याशिवाय कोणी खुर्ची सोडीत नाही. माणूस जातो, शाखा चालू राहते. पुण्याच्या वेधशाळेला देणगी मिळाली, यंत्र मिळाले, असामान्य योग्यतेचा संचालक मिळाला. दुसरी किल्ली मात्र कोणाच्याच हाती दिली गेली नाही. आपल्याकडे शाळा, ग्रंथालये, दवाखाने दानशूर व्यक्तींच्या औदार्याने उभे राहतात; त्यांच्या विश्वस्तांनी या इतिहासाची नोंद घेण्यासारखी आहे. इमारतीच्या निधीबरोबरच पुढच्या पिढीतील माणूस तयार करण्याचीही तरतूद व्हावयास हवी.

सुदैवाने महाराष्ट्रात ही परंपरा पुढे निराळ्या वाटेने सुरू झाली. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. तरुण ताऱ्यांनी फोडलेल्या वायूतील सुटे इलेक्ट्रॉन जे रेडिओ तरंग सोडतात, त्यांचा अभ्यास तेथे होतो. धुळीच्या पडद्याआड लपलेले तेजोमेघ अशा तरंगांतून ‘दिसतात’. विशेष म्हणजे तेथे काम करणारे संशोधक एकामागून एक पिढ्यांनी घडत आहेत.

आपल्या भिवंडीत गोदामांच्या व महामार्गाच्या दिव्यांमुळे रात्रीचे आकाश आता पूर्वीसारखे काळे राहिलेले नाही. तरीही गच्चीवरून बाणाचे तीन तारे सहज सापडतात, आणि द्विनेत्रीतून त्याखालचा तेजोमेघही ओळखता येतो. अमावास्येच्या आसपास शहापूर किंवा मुरबाडच्या दिशेला शहराच्या उजेडापासून दूर गेल्यास तो नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. तेजोमेघाकडे पाहताना नजर थेट त्यावर न रोखता किंचित बाजूला ठेवावी, म्हणजे मंद प्रकाश अधिक चांगला जाणवतो. डोळ्यांना काळोखाची सवय होण्यासाठी वीस-पंचवीस मिनिटे मोबाइल खिशातच राहू द्यावा. छायाचित्रातील लाल रंग मात्र तेथे दिसणार नाही; मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांना रंग उमगत नाहीत. दिसेल तो करडा, काहीसा हिरवट डाग. त्यातील हिरवट छटा जाणवलीच, तर नातवंडांना अवश्य सांगावे की तो प्रामुख्याने त्याच रेषेचा प्रकाश आहे, जिची कड पुसट आहे की रेखीव हे सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी पुण्यातील एका प्राध्यापकाने रात्री जागून तपासले होते.